पाय न पुरणारी गाडी

माझ्या लायसन्सवर ‘विदाउट गिअर’ लिहिलेलं आहे, हे चौदा वर्षांत एकदाही खुपलं नव्हतं. कॉलेजात स्कूटी होती, लग्नानंतर जरा मोठी स्कूटर आली. नागपुरात मानेवाड्याहून बर्डी, धरमपेठ, सदर एवढंच जग असलं की गिअर लागतो कुणाला! खुपलं ते २०२३च्या ऑगस्टात, कुही तालुक्यातल्या एका पांदणीवर, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेवर.

मी एका माती परीक्षण प्रयोगशाळेसाठी शेतातून नमुने आणते. नागमोडी चालत जागा निवडायच्या, प्रत्येक जागी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करायचा, त्याच्या भिंतीची माती खरवडायची. मग सगळी एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. हे जमतं. शेतापर्यंत पोचणं जमत नाही. नमुने खरं तर पीक निघाल्यावर, उन्हाळ्यात घ्यायचे असतात, पण कपाशीचं पान लाल पडलं की शेतकरी मे महिन्याची वाट पाहत बसत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. त्या दिवशी डांबरी रस्ता सोडून जेमतेम दोनशे मीटर गेले असेन. काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मधे अशी ठासून बसली की पुढचं चाक फिरेचना. काडीनं कोरून काढली, चार हात गेले, परत तेच. शेवटी दोन माणसांनी स्कूटर अक्षरशः उचलून रस्त्यावर आणून ठेवली. त्यातले म्हातारे काका धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गवताला हात पुसत म्हणाले, “मॅडम, हे गाडी इकडची नाही जी.”

मग इकडची कोणती? गावातले पोट्टे त्याच पांदणीतून स्प्लेंडरवर तिघं-तिघं बसून जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ते रोजच्या वाटेवर जातात, कुठे खोल आहे ते त्यांना पाठ असतं. मी प्रत्येक शेतात नवी. शिवाय माझा दिवस बहुतेक डांबरावरच जातो. सकाळी उमरेड रोडनं पन्नास-साठ किलोमीटर, मग दोन-तीन किलोमीटर चिखल, परत पन्नास-साठ. ट्रॅक्टर नको, जीप परवडत नाही. दोन्हीकडे चालेल अशी हलकी गाडी हवी होती.

असल्या गाडीला एंड्युरो म्हणतात हे मला नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकानं सांगितलं. मोटोक्रॉसची गाडी बंद ट्रॅकवर पळते. तिला दिवा नाही, आरसा नाही, नंबर नाही, ती ट्रॅकपर्यंत टेम्पोत बसून येते. एंड्युरोची शर्यत रानातून, ओढ्यातून जाते आणि मधले टप्पे सार्वजनिक रस्त्यावरून असतात, म्हणून त्या गाडीला दिवा आणि नंबरप्लेट लागतेच. १९१३ साली इंग्लंडात कार्लाईलला सहा दिवसांची अशी पहिली शर्यत झाली, ती आजही इंटरनॅशनल सिक्स डेज एंड्युरो या नावानं भरते. शर्यतीशी मला कर्तव्य नाही. पण स्वतःच्या चाकांवर चिखलापर्यंत जायचं आणि स्वतःच्या चाकांवर घरी यायचं, हे वर्णन वाचून वाटलं, हे तर माझंच टाइमटेबल आहे.

आपल्याकडे या जातीत फार निवड नव्हती. हिरोची दीडशे सीसीची इम्पल्स २०११मध्ये आली, लोकांना झेपली नाही, बंद पडली. २०१९मध्ये त्याच कंपनीची एक्सपल्स २०० आली: १९९.६ सीसी, पुढे २१ इंची चाक, मागे १८, तारांचे रिम, पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा. (नंतर २०२४च्या शेवटी कावासाकीची केएलएक्स २३० आली आणि पुढच्या महिन्यात एक्सपल्सचीच २१०, पण मी शोधत होते तेव्हा या दोन्ही नव्हत्या. कावासाकीच्या छोट्या डर्ट बाइक मिळायच्या, त्यांना नंबरच मिळत नाही.) नवीन एक्सपल्स माझ्या बजेटच्या बाहेर होती. जुनी पाहायचं ठरलं.

जानेवारी २०२४मध्ये त्रिमूर्ती नगरात एक सापडली. २०२० सालची, बीएस ६, साडेएकवीस हजार किलोमीटर. मालक पुण्याला नोकरीला निघालेला पंचविशीचा मुलगा. गाडी पार्किंगमधून बाहेर काढून त्यानं स्टार्ट केली आणि समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. सायलेन्सर बाहेरचा होता. आरसे नव्हते. इंडिकेटर बोटाएवढे, तेही मागचा एकच चालू. मागची नंबरप्लेट कापून सीटच्या खाली, जवळजवळ आडवी बसवलेली. टायर मोठ्या बुट्ट्यांचे, म्हणजे जाड गाठींचे, शेतातले.

“ताई, एकदम रॅली लुक आहे,” तो म्हणाला.

मी गाडीवर बसले आणि माझं तोंड बंद झालं. माझी उंची पाच फूट दोन इंच. एक्सपल्सची सीट ८२३ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना पायाचे फक्त अंगठे टेकत होते, तेही बुटाच्या आतून. गाडी १५७ किलोची. ती जराशी डावीकडे कलली तेव्हा नवऱ्यानं हँडल धरलं, नाहीतर खरेदीच्या आधीच मी ती पाडली असती.

तरी घेतली. का घेतली ते नीट सांगता येणार नाही. एक कारण पुढच्या चाकाकडे पाहिल्यावर दिसलं: मडगार्ड टायरपासून चांगलं वर होतं, मधे मूठ जात होती. कुहीच्या चिखलात मला तेवढीच जागा हवी होती.

८४ हजारांवर सौदा ठरला. पैसे द्यायच्या आधी परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला, ती सवय मात्र चांगली. दोन ई-चलान निघाले, दोन्ही हेल्मेटचे, ते त्यानं तिथल्या तिथे मोबाइलवरून भरले. थर्ड पार्टी विमा शिल्लक होता, कारण २०१८च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी काढावाच लागतो. स्वतःच्या नुकसानीचा विमा केव्हाच संपलेला. आणि खाली एक ओळ होती, फायनान्सरचं नाव. कर्ज.

“ते फिटलं ताई, मागच्याच वर्षी.”

फिटलं असेल. पण आरसी बुकावर ते नाव आहे तोवर गाडी आपल्या नावावर होत नाही. ते उतरवायला फॉर्म ३५ आणि फायनान्स कंपनीचं ना हरकत पत्र लागतं. ते पत्र कंपनीनं त्याच्या जुन्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर पाठवलं होतं आणि तिथे आता दुसरंच कुटुंब राहत होतं. डुप्लिकेट पत्रासाठी अर्ज, त्याची फी, मग ‘तुमची विनंती प्रक्रियेत आहे’ असे मेसेज. पाच आठवडे गेले. माझं एकच शहाणपण: १२ हजार रुपये मी हातचे राखून ठेवले होते आणि ‘नाव उतरलं की मिळतील’ असं साध्या कागदावर दोघांनी सही करून ठेवलं होतं. ते नसतं तर पुण्याला गेल्यावर त्या मुलानं माझे फोन इतक्या पटापट उचलले असते असं मला वाटत नाही. पोरगा वाईट नव्हता, भैताड होता एवढंच.

या पाच आठवड्यांत मी गाडीचे कपडे परत आणले. रस्त्यावर चालणारी गाडी म्हणून मी ती घेतली होती आणि तिच्या अंगावर रस्त्याचं काहीच उरलं नव्हतं. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकानं गाडीत परवानगीबाहेरचा बदल केला तर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण खरं सांगायचं तर मला दंडापेक्षा त्या आवाजाची लाज वाटत होती. शेतकऱ्याच्या दारात असा धडधडाट करत जायचं, गोठ्यातली जनावरं बुजवायची आणि मग म्हणायचं, काका, तुमच्या मातीचा सामू (पीएच) पाहायचा आहे!

मूळ सायलेन्सर आहे का, असं विचारलं तर मालक म्हणाला, विकला असेल. मी त्याच्या आईला विचारलं. काकूंनी शिडी मागवली, माळ्यावरून दिवाळीच्या कंदिलांच्या मागून पोत्यात गुंडाळलेला सायलेन्सर काढून दिला, सोबत दोन्ही आरसे आणि मागचा मूळ मडगार्ड. “हे सगळं त्यानं आणलं त्या दिवशीच काढलं, मी ठेवून दिलं,” त्या म्हणाल्या. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. हेच भाग नवीन घ्यायचे तर माझे आणखी काही हजार गेले असते.

नंबरप्लेटचं मात्र माळ्यावर काही नव्हतं. १ एप्रिल २०१९नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट कंपनीकडूनच येते: ॲल्युमिनियमची, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरनं कोरलेला क्रमांक. ती स्नॅप लॉकनं बसवतात आणि ते लॉक एकदा तोडलं की परत लागत नाही. आधीच्या मालकानं लॉक तोडून प्लेट कापली होती. अर्ज करून नवी मागवावी लागली. बसवणाऱ्यानं खट्ट आवाज करत लॉक दाबलं आणि म्हणाला, “आता हे काढायचं नाही बरं.” मी म्हटलं, माझ्याकडून काढणं होणारच नाही.

मग खालच्या मॅकॅनिककडे मी शेतातले टायर काढायला लावले आणि मूळ मापाचे, पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/८०-१८, दुहेरी वापराचे टाकले. बुट्टीचे टायर डांबरावर भुंग्यासारखे गुणगुणतात आणि ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर ब्रेक दाबला की माणूस देवाचं नाव घेतो. नागपुरात आता सिमेंटचेच रस्ते जास्त. शुद्ध चिखलात ते जुने टायर बरे, हे मान्य. पण माझं दिवसाचं गणित शंभर किलोमीटर डांबराला पाच किलोमीटर चिखल असं आहे.

पत्र आलं. फॉर्म ३५, ट्रान्सफरचे २९ आणि ३०, पीयूसी, विमा, आधार. शिवाय चेसिस नंबरचा पेन्सिलचा ठसा. हा प्रकार मला फार आवडला. हँडलच्या मानेजवळ फ्रेमवर नंबर कोरलेला असतो. त्यावरचा चिखल रॉकेलच्या फडक्यानं पुसायचा, पातळ कागदाची पट्टी ठेवायची आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासत जायचं. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो तसंच. वायरींच्या गुंत्यात हात जात नव्हता, तीन पट्ट्या फाटल्या, चौथीवर एकेक अक्षर पांढरं होऊन वर आलं. गाडी माझी झाली असं मला आरसी हातात आल्यावर वाटलं नाही, त्या पट्टीवर वाटलं.

आता चालवायची कशी? लायसन्सवर गिअर नाही. गाडी घरी आणली नवऱ्यानं, आणि ती महिनाभर खाली झाकून उभी. जुन्या लायसन्सवर नवा वर्ग चढवायचा तर त्या वर्गाचं लर्निंग काढावं लागतं आणि तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परीक्षेला बसता येत नाही. लर्निंग घरबसल्या मिळालं. पांढऱ्यावर लाल ‘एल’ चिकटवला आणि शिकवायला मिळाले सासरे.

बाबा ग्रामसेवक होते. नोकरीची बरीच वर्षं नरखेडकडे राजदूतवर फिरले. त्यांच्या मते राजदूतनंतर देशात गाडी झालीच नाही. रोज सकाळी सहाला आम्ही बेसा-बेलतरोडीच्या पुढच्या ले-आउटमध्ये जायचो. नागपूरकरांना ले-आउट म्हणजे काय ते सांगायला नको. प्लॉट पडलेले, रस्ते आखलेले, मुरूम टाकलेला, घर एकही नाही, कुत्री मात्र आहेत. पहिले चार दिवस गाडी नुसती बंद पडत होती. मी क्लच सोडत होते आणि बाबा ओरडत होते, “सोडू नको! ढील दे, ढील!” पतंगाला ढील देताना मांजा बोटातून जातो पण बोट त्याला सोडत नाही. ते एकदा डोक्यात बसलं आणि पाचव्या दिवशी गाडी बंद न पडता निघाली. बाबांनी खिशातून मोबाइल काढून सासूबाईंना फोन लावला, “निघाली बाप्पा एकदाची.”

पण थांबायचं काय? चालती गाडी मला जमत होती, उभी गाडी जमत नव्हती. ले-आउटमध्ये मी सात वेळा पडले, साती वेळा ताशी शून्य किलोमीटर वेगानं. थांबते, पाय खाली सोडते, खाली जमीन नाही, धप्प. उचलायची पद्धत एका व्हिडिओत पाहून शिकले. पडलेल्या गाडीकडे पाठ करायची, बूड सीटला टेकवायचं, एका हातात खालचं हँडल, दुसऱ्या हातात मागची पकड, आणि पाठ न वाकवता पायांनी मागे मागे चालत जायचं. उजवीकडे पडली असेल तर उचलायच्या आधी साइड स्टँड उघडून ठेवायचा, नाहीतर ती सरळ होऊन पलीकडे जाते. हे मला कसं कळलं ते विचारू नका.

इथे मी चूक केली. गांधीबागेजवळच्या एका सीटवाल्याकडे गेले आणि म्हटलं, फोम कमी करून द्या. तो सांगत होता, “ताई, आधी दहा-पंधरा दिवस चालवून पाहा ना.” मी म्हटलं, कापा. त्यानं सव्वा इंच कापला, वर नवं कव्हर शिवलं, ३५० रुपये घेतले. पाय खरंच टेकले, पंजे तरी. मी खुशीत घरी आले.

परीक्षा मी या गाडीवर दिलीच नाही, ते आधीच कबूल करते. आठचा आकडा काढायचा आणि पाय टेकवायचा नाही. मामेदिराची स्प्लेंडर नेली. ७८५ मिलिमीटर सीट, ११२ किलो, तिच्यावर आठ काय, बाराखडी काढता येईल. ले-आउटमध्ये विटा मांडून मी एक्सपल्सवर इतके आठ काढले होते की स्प्लेंडर खेळण्यासारखी वाटली. माझ्यापुढे एक मुलगा मोठ्या बुलेटवर आला होता, त्यानं दुसऱ्याच वळणावर पाय टेकवला. साहेबांनी माझ्याकडे न पाहताच ‘ओके’ म्हटलं. एवढीच परीक्षा. नव्या कार्डावर ‘विथ गिअर’ आलं आणि मी ते नवऱ्याला तीनदा दाखवलं.

उन्हाळा डांबरावर गेला. नागपूरचा उन्हाळा काय वर्णायचा, दुपारी हेल्मेटची काच उघडली तर भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. पहाटे पाचला निघायचं, दहाच्या आत नमुने गोळा, परत. काटोल-कळमेश्वरच्या संत्रा बागांत मुरमाड वाटा असतात, तिथे गाडी मजेत चालली. त्याच महिन्यांत कापलेल्या फोमनं आपलं रूप दाखवलं. चाळीस किलोमीटरनंतर सीटखालची पाटी हाडाला लागायची. काटोलहून परत येताना मी दर अर्ध्या तासाला उतरून उभी राहायची. ढाब्यावरच्या पोऱ्याला वाटायचं, बाईला चहाचं व्यसन आहे.

आणि खरा विनोद पुढेच होता. जूनपर्यंत मला थांबता यायला लागलं, पण त्याचा फोमशी संबंध नव्हता. उमरेड रोडच्या एका गॅरेजमध्ये चेन घट्ट करायला थांबले होते. तिथला मॅकॅनिक मला थांबताना पाहत होता. म्हणाला, “ताई, तुम्ही दोन्ही पाय कायले टेकवून राहिल्या? एकच टेकवा ना. डावा. बूड थोडं डावीकडे सरकवा, उजवा पाय ब्रेकवर ठेवा. अन् थांबायच्या आधी रस्ता पाहा, कुठे उंच आहे ते.” मी तिथेच करून पाहिलं. एक पाय पूर्ण टेकला, टाचेसकट. सीट आणखी सव्वा इंच उंच असती तरी टेकला असता.

तेव्हापासून मी थांबण्याच्या जागा निवडते. सिग्नलला दुभाजकाच्या किंवा फुटपाथच्या कडेला, मातीत चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर, कधी सरळ धुऱ्याला टेकून. खोल चाकोरीत मी थांबतच नाही, थांबायची वेळ आली तर पुढे जाऊन थांबते. उंची हा या गाडीचा दोष नव्हे, हे मला एवढ्या उशिरा समजलं. पुढच्या शॉकपची १९० मिलिमीटरची चाल आणि मागची १७० मिळवायची तर गाडी वर उचलावीच लागते. हिच्याच पुढच्या अवतारात, फोरव्ही प्रो मध्ये, ती चाल २५० आणि २२० केली तर सीट ८९१वर गेली. खड्डा गिळायला जागा हवी, ती जागा माझ्या पायाखालून घेतली आहे. काही लोक मागची लिंक बदलून गाडी खाली आणतात. मग ज्यासाठी पैसे मोजले तेच काढून टाकतात. मी निदान फोमवर थांबले.

जुलैत परत त्याच पांदणीवर गेले. मुद्दाम नाही, काकांच्याच धाकट्या भावाचं सोयाबीन पिवळं पडत होतं. रात्रभर पाऊस झालेला. डांबरी सोडायच्या आधी उतरले, दोन्ही चाकांची हवा थोडी कमी केली. ट्यूबचे टायर आहेत, फार कमी केली की दगडावर ट्यूब रिमखाली चिरडते, म्हणून बेतानं. मग पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभी राहिले, गुडघ्यांनी टाकी धरली, सेकंड गिअर, आणि एकदा दिलेली रेस तशीच ठेवली. काळ्या मातीत पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही आणि रेस सोडायची नाही. सोडली की पुढचं चाक आपल्या मनानं वळतं. हँडल हातात साबणासारखं सरकत होतं, मागचं चाक नागमोडी, नमुन्यांच्या जागा निवडताना मी चालते तसं. गेल्या वर्षी जिथे अडकले ती जागा केव्हा गेली ते कळलंच नाही. पुढे एका वळणावर मला वाटलं, आता जमलं, आणि मी खाली बसले. बसले तशी पडले. या वेळी शून्यापेक्षा जरा जास्त वेगानं, अंगभर काळी होऊन.

काका धुऱ्यावरून पाहत होते. मी पाठ करून, बूड टेकवून, मागे चालत गाडी उभी केली. चिखलात दोनदा पाय घसरला, तिसऱ्यांदा उभी झाली. मडगार्डखाली हात घालून माती ओढून काढली, चाक फिरलं. काका जवळ आले, गाडीला एक चक्कर मारली, चाकाच्या तारांवर बोटं फिरवली.

“हे चालते जी,” ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, “पण घोड्यावानी आहे. चढता कशा?”

चढते पेगवर पाय देऊन, सायकलसारखी. तेही दाखवलं.

दोन गोष्टी कुणी ही गाडी घेणार असेल तर सांगते, कारण मला कुणी सांगितल्या नाहीत. गावातल्या पंक्चरवाल्याकडे २१ इंची ट्यूब नसते, कधीच नसते. एक ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि हातपंप सीटच्या मागे बांधून ठेवा. अडचणीत २१ची ट्यूब १८च्या मागच्या चाकातही घरापर्यंत चालते, उलटं जमत नाही. आणि पावसाळ्यात चेन दर दोन-तीन दिवसांनी धुऊन तेल द्या. काळी माती चेनमध्ये वाळली की खरकागदासारखी घासते. माझं पहिलं चेन-स्प्रॉकेट, म्हणजे चेन आणि तिची दातेरी चाकं, एका पावसाळ्यात गेलं.

दिवाळीनंतर मी परत गांधीबागेत गेले. सीट काढून काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, होता तेवढा फोम परत लावून द्या, मला उंची नको आहे, बसायला हवं आहे. सीटवाल्यानं मला ओळखलं. काही बोलला नाही, हे त्याचं मोठेपण. तो ज्या लोखंडी स्टुलावर बसला होता त्यावरून उठला, त्यावरची पिवळी गादी उचलून माझ्यासमोर धरली. सव्वा इंच जाडीचा, सीटच्या आकाराचा तुकडा.

“नवीन लावू की हाच?”